पहिल्या वेबसाइटचा विषय ठरेपर्यंत : बार्शीहून नोंदी

मी पतसंस्थेत क्लार्क आहे. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी वेळ मिळतो. महिन्याला दोन-तीन हजार सुटतील अशी एक वेबसाइट उभी करायची, एवढंच मनात होतं. वही आधी स्वतःसाठी ठेवली होती. ओळखीच्या दोघांना हेच करायचं आहे, म्हणून नीट लिहून काढतोय. खर्च झाला तसा लिहिला आहे, लपवलेला नाही.

२ जून २०२४

डोमेन (वेबसाइटचं नाव) ५४९ रुपये, वर्षाचं होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) २,३८८ रुपये. विषय अजून ठरलेला नाही. पहिली चूक हीच. पैसे भरले की कामाला सुरुवात झाली असं वाटतं, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. वर नावात 'योजना' हा शब्द घालून बसलो, कारण त्या आठवड्यात जो तो योजनांच्याच वेबसाइटबद्दल बोलत होता.

९ जून

१,९९९ रुपयांचा ऑनलाइन कोर्स घेतला. त्यात 'जास्त पैसे देणाऱ्या विषयांची' यादी होती: कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड, शेअर बाजार, आरोग्य. बाकीचे चार तास यूट्यूबवर फुकट मिळतं तेच. पैसे गेले.

पण यादी बघून डोळे चमकले हे खरं. कर्ज तर माझ्या रोजच्या कामातलं. रविवारभर बसून कर्जावरचे ३४ मथळे लिहिले: जामीनदाराने काय बघून सही करावी, हप्ता थकल्यावर पहिली नोटीस कधी येते, सोनेतारणात वजन कसं धरतात. सोमवारी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "कर्जावर लिहायचं असेल तर खुशाल लिही, पण मग इथल्या खुर्चीवर बसून नको." विषय तिथंच संपला. नोकरीत असाल तर हा प्रश्न डोमेन घेण्याआधी विचारा.

१६ जून

आरोग्य घेतलं नाही. घरगुती उपायांचे वीस मथळे सुचले, पण त्यातला एकही मला स्वतःला माहीत नव्हता, सगळे कुठे ना कुठे वाचलेले. पैसा आणि प्रकृती या विषयांत गुगल मजकुराच्या विश्वासार्हतेला जास्त महत्त्व देतं. ते सोडलं तरी, माझं वाचून कुणी मधुमेहाची गोळी बंद केली तर काय, या विचाराने झोप लागली नाही.

मोबाइलचे रिव्ह्यू? घरात दोन मोबाइल, त्यातल्या एकाची काच फुटलेली. सहा मथळे झाले आणि पेन थांबलं.

३० जून

२८ तारखेला लाडकी बहीण योजना जाहीर झाली. नावात 'योजना' आहेच, मग लिहिलं. वय २१ ते ६०, अडीच लाखांच्या आत उत्पन्न, महिना १,५०० रुपये, शेवटची तारीख १५ जुलै, पाच एकरांवर जमीन नसावी. रात्री दीडपर्यंत बसून लेख टाकला आणि गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सोडला. सकाळी ६१० जणांनी उघडला होता. ऑफिसात दर पाच मिनिटांनी आकडा बघत होतो.

४ जुलै

तारीख ३१ ऑगस्ट झाली, वय ६५ झालं, जमिनीची अट गेली. अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल असं आलं. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाला उत्पन्नाचा दाखला नको. म्हणजे माझा लेख चार दिवसांत चुकीचा ठरला, आणि तो तसाच ग्रुपांवर फिरतोय. एका काकूंनी तलाठी कार्यालयासमोर दोन तास उभं राहून दाखला काढला. का, तर माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यांच्या सुनेने मला बाजारात गाठून सांगितलं. लेख लगेच दुरुस्त केला, पण पुढे पाठवला गेलेला स्क्रीनशॉट कसा दुरुस्त करणार?

२१ जुलै

वेबसाइटवर संपर्कासाठी ईमेल दिला होता. त्यावर आजपर्यंत ४३ मेल आले. २९ जणींनी आधार कार्डाचा फोटो पाठवला, त्यातल्या अकरा जणींनी पासबुकाचं पहिलं पानसुद्धा. "दादा, माझा फॉर्म भरा." माझ्यासारख्या कुणालाही हे मिळतंय या विचाराने पोटात गोळा आला. एकेकीला उत्तर लिहिलं की अंगणवाडी सेविकेकडे जा, कागद कुणालाही मेलवर पाठवू नका. मग सगळे फोटो पुसले, कचऱ्याच्या पेटीतूनसुद्धा. ईमेल काढून टाकला.

१८ ऑगस्ट

हप्ते जमा व्हायला लागले तशी माझ्या पानाची गर्दी ओसरली. शिवाय याच विषयावर वर्तमानपत्रांच्या वेबसाइट आहेत. त्यांच्याकडे बातमी मिनिटात येते, माझ्याकडे संध्याकाळी सहानंतर. वेबसाइटवर जाहिराती दाखवून पैसे मिळावेत म्हणून अर्ज केला होता, तो 'कमी मूल्याचा मजकूर' म्हणून परत आला. परत आलेल्या अर्जावर रुसून उपयोग नव्हता. बावीस लेखांपैकी एकोणीस मीच शासन निर्णयावरून शब्द फिरवून उतरवले होते.

अडीच महिने, ४,९३६ रुपये खर्च, कमाई शून्य.

१ सप्टेंबर

विषय घरातच सापडला, आणि मी शोधत होतो म्हणून नव्हे. दुपारी आई काळ्या पाय-मशीनवर बसली होती. शेजारच्या वहिनी आल्या: "काकू, खालून दोऱ्याचा नुसता गुंता होतोय, बॉबीन केस बदलू का?" आई मान वर न करता म्हणाली, "बॉबीनला हात लावू नको. वरचा दोरा काढ आणि फूट वर उचलून परत ओव." (बॉबीन म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, फूट म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी.) वहिनी गेल्या आणि दहा मिनिटांत खिडकीतून ओरडल्या, "झालं!"

आईला विचारलं, असं किती जणी विचारतात? म्हणाली, "हंगामात रोज एक तरी." तिचं तीस वर्षांचं ब्लाऊज, फॉल-पिकोचं काम. मी वही घेऊन बसलो आणि आईला बोलतं केलं. चहा होईपर्यंत बावन्न प्रश्न झाले. एकही मला सुचला नव्हता, आणि एकाचंही उत्तर तिला शोधावं लागलं नाही.

७ सप्टेंबर, गणपती

आरती झाल्यावर गुगल ट्रेंड्स उघडलं. एखादा शब्द कधी किती शोधला जातो याचा आलेख तिथं दिसतो. 'शिलाई मशीन'चा आलेख १०० वर गेलेला बघून खूश झालो. तासाभराने कळलं की १०० म्हणजे त्या काळातला सर्वांत उंच बिंदू, शोधणाऱ्यांची संख्या नव्हे. शोधणारे दहा हजार असोत की दहा लाख, उंच टोक १००च दिसतं.

मग कीवर्ड प्लॅनरवर गेलो, गुगलवर जाहिरात देणाऱ्यांना शब्दांचे आकडे दाखवणारं साधन. तिथं जाहिरातीवर पैसे न खर्चणाऱ्याला नेमका आकडा मिळत नाही, '१०० ते १ हजार' असा पट्टा मिळतो. शंभर आणि हजार यांत माझ्या दोन-तीन हजारांच्या स्वप्नाचं सगळं गणित बसतं. त्यामुळे त्याचाही फार उपयोग झाला नाही.

गुगलच्या खिडकीत अर्धंच लिहून खाली काय सुचवतंय ते बघणं मात्र उपयोगी पडलं. 'शिलाई मशीन' लिहिलं की पहिल्या सूचना: मोफत शिलाई मशीन योजना, अर्ज, यादी. परत योजनाच! हसू आलं. विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५ हजारांची मदत आहे, त्यामुळे या शब्दावर योजनावाल्यांचाच ताबा. म्हणजे 'शिलाई मशीन' हा विषय घेतला असता तर त्याच गर्दीत पुन्हा जाऊन पडलो असतो. 'दोरा तुटतो', 'टीप सुटते', 'टीप सैल येते' असं लिहिलं की योजना गायब. उरतात हिंदीतले व्हिडिओ आणि मराठीत जवळजवळ काही नाही.

१४ सप्टेंबर

दुसरं डोमेन, ६४९ रुपये. नावात ना मशीन, ना ब्लाऊज, ना योजना. नुसतं एक घरगुती नाव, उद्या विषय थोडा सरकला तरी चालेल असं. पहिलं डोमेन पुढच्या जूनमध्ये मरू देणार.

२२ सप्टेंबर

पितृपंधरवडा. आईकडे काम कमी, म्हणून फोटो आत्ताच काढायचे ठरलं. काळं मशीन, काळा दोरा, ट्यूबलाइट. पहिले ऐंशी फोटो बघितले तर कोळशाच्या वखारीत काढल्यासारखे. ७५० रुपयांचा गोल दिवा आणि स्टँड आणला. आईनेच सुचवलं की वर लाल दोरा लाव, बॉबीनमध्ये पांढरा भर. मग कापडाच्या उलट्या बाजूला लाल वेटोळी दिसली की वरचा ताण ढिला, सुलट बाजूला पांढरा ठिपका वर आला की वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी. लिहून चार परिच्छेद लागले असते ते एका फोटोत दिसलं. हा फोटो मी कुठूनही उचलून आणू शकलो नसतो, आणि दुसऱ्या कुणाला तो हवा असेल तर त्यालाही मशीनसमोर बसावं लागेल. बावीस योजना-लेखांत असं काही एकही नव्हतं.

६ ऑक्टोबर

नऊ लेख झाले. आता भाषेची चूक. मी पुस्तकी लिहीत होतो: 'टाका वगळला जाणे', 'धाग्याचा तणाव'. आईने मोबाइलवर वाचून विचारलं, "हे कुणासाठी लिहितोयस? आम्ही टीप सुटते म्हणतो." सगळे मथळे बदलले. बायका ज्या शब्दांनी खिडकीतून ओरडतात, तेच शब्द त्या गुगलला बोलून दाखवतात. टाइप करणाऱ्या कमीच.

१३ ऑक्टोबर

दुसरी चूक तांत्रिक, आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती चावेल. लेखाच्या वेब-पत्त्यात, म्हणजे लिंकमध्ये, देवनागरी मथळा तसाच राहू दिला होता. व्हॉट्सअॅपवर पाठवला की एकेका अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्याची (%) खूण, आकडे आणि रोमन अक्षरं अशी नऊ-नऊ चिन्हं होऊन हातभर लांब शेपूट येतं. वर्डप्रेस (ज्यावर माझी वेबसाइट चालते ते सॉफ्टवेअर) त्या भागाला अशा २०० चिन्हांची मर्यादा घालतं, म्हणजे मथळ्याच्या बावीसेक अक्षरचिन्हांनंतर तो मधेच तुटतो. लोकांना वाटलं व्हायरसची लिंक आहे.

एका झटक्यात सगळे पत्ते रोमन अक्षरांत छोटे करून टाकले. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवायचं राहिलं. आठवडाभर ग्रुपांतून येणाऱ्या प्रत्येकीला 'पान सापडलं नाही' दिसत होतं, आणि मी आकडे का पडले म्हणून गुगलला दोष देत होतो. वळवणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) फुकट आहे, वीस मिनिटांचं काम. आठ दिवस वाया गेले, तेही दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा गावोगावच्या मशीनी रडायला लागतात.

१० नोव्हेंबर

दिवाळीत आईला मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून एकही नवा लेख नाही. सर्च कन्सोल बघितलं, म्हणजे गुगलवरून कोण काय शोधत आलं ते दाखवणारं पान. सर्वांत जास्त माणसं आली ती खोबरेल तेलाच्या लेखावर. मशीनला खोबरेल घालणारे इतके आहेत, मला कल्पना नव्हती. ते काही दिवसांत चिकट होतं आणि चाक जड फिरतं. आई आधी थोडं रॉकेल सोडून जुना चिकटा सोडवते, फडक्याने पुसते आणि मग मशीनचं तेल घालते.

पण एक गोष्ट खटकली. दोरा तुटायचा थांबला की बाई परत येत नाही. कशाला येईल? ब्लाऊजवरचे दोनच लेख होते: 'मागचा गळा मोठा घेतला की खांदा का उतरतो' आणि 'मुंढ्यात (बाही जोडतात तिथं) चुण्या का पडतात'. त्या दोन्हींवरून मात्र वाचणारी पुढच्या पानावर जात होती. मशीन वर्षातून दोनदा बिघडतं, ब्लाऊज दर लग्नाला शिवायचा असतो. विषय अर्धा पाऊल सरकवला: घरी ब्लाऊज शिवणारीच्या अडचणी, मशीन त्यातलं एक. डोमेनच्या नावात मशीन नव्हतं ते इथं कामी आलं.

८ डिसेंबर

जाहिरातींचा अर्ज या वेळी मंजूर झाला. चोवीस लेख होते, फोटो सगळे घरचे.

एका मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या अफिलिएट कार्यक्रमातही नाव घातलंय: माझ्या दुव्यावरून कुणी खरेदी केली की मला कमिशन. अट अशी की १८० दिवसांत किमान तीन विक्री व्हायला हव्यात. सुयांचं पाकीट आणि कात्री असे दुवे दिलेत. सुईच्या पाकिटावर मला मिळणार दोन-अडीच रुपये, आणि बायका सुया कोपऱ्यावरच्या दुकानातून एकेक घेतात. हा मार्ग आपला नाही असं दिसतंय. विषय ठरवताना 'इथं विकलं काय जातं आणि ते कुठून विकत घेतात' हे मी बघितलंच नव्हतं.

१९ जानेवारी २०२५

डिसेंबर-जानेवारी मिळून ११,४०० पानं वाचली गेली. जाहिरातींचे ९ डॉलर ६० सेंट. पैसे हातात येतात १०० डॉलर झाल्यावर, त्याआधी १० डॉलरला पत्ता तपासायचं पिनचं पत्र पोस्टाने येतं. या वेगाने पहिला पैसा पुढच्या वर्षी संक्रांत उलटल्यावरच.

संपर्काचा ईमेल या वेळी सूचनेसकट दिला आहे: 'कागदपत्रं पाठवू नका, ब्लाऊजचे फोटो चालतील.' गेल्या महिन्यात सात जणींनी एकच विचारलं, पेपर कटिंग (कापड कापायला ठेवायचा मापाचा कागदी नमुना) मिळेल का? आईच्या खुंटीला ३० पासून ४० पर्यंतच्या मापांची कटिंग वर्षानुवर्षं लटकलेली. खाकी कागदावर सहा मापांचा संच, ३२० रुपये, स्पीड पोस्टासह. कागद, पाकीट, पोस्ट मिळून ९५ रुपये लागतात. पहिल्या आठवड्यात पाच गेले.

२ फेब्रुवारी

संकट. सहा जणींचे निरोप आले की ब्लाऊज तंग झाला. एकीचं काठाचं खणाचं कापड वाया गेलं. आई आधी मानेचना: "माझं कटिंग चुकणार नाही." मग टेपने मापलं. कटिंग बरोबरच होतं, पण त्यात शिवणीची माया, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडायचं जादा कापड, धरलेली नव्हती. तीस वर्षं तिचा हात आपोआप अर्धा इंच माया सोडून कापतो, ते कागदावर लिहायचं असतं हे तिच्या ध्यानीमनी नाही. आणि मला तर माया म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं, मी नुसता पाकिटं चिकटवत होतो.

सहाही जणींना नवे संच स्वखर्चाने पाठवले, जिचं कापड गेलं तिला ३२० रुपयेही परत केले. कापडाची किंमत देऊ केली, तर ती म्हणाली, "राहू द्या, बाह्या निघतील त्यातून." 'माया धरलेली नाही, बाजूने अर्धा इंच सोडा' असा रबरी शिक्का करून घेतला, १८० रुपये. आता आई शिक्का मारल्याशिवाय कागद पाकिटात घालू देत नाही. या घोळावर लिहिलेला लेख सध्या सगळ्यांत जास्त वाचला जातोय.

९ मार्च

हिशोब. खर्च: डोमेन दोन, होस्टिंग, कोर्स, दिवा, शिक्का मिळून ६,५१५. संच गेले ३१, आले ९,९२०. त्यातून कागद-पोस्टाचे २,९४५, बदलून दिलेल्या संचांचे ५७० आणि परत केलेले ३२० वजा केले की उरले ६,०८५. जाहिरातींचे १४ डॉलर अजून कागदावरच. पिनचं पत्र आलं, पोस्टमनने आईलाच विचारलं, "परदेशातून काय आलंय?" अफिलिएटची एकच विक्री, कात्रीची, ती बहुतेक माझ्या मावसबहिणीने केली असावी.

म्हणजे नऊ महिन्यांनी ४३० रुपये तोट्यात. संच असेच जात राहिले तर या महिन्यातच बरोबरी होईल, असं मी आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून वही हातात घेतली, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "यात माझी मजुरी कुठं आहे?"

नव्हतीच. एक संच आखून कापायला तिला सव्वा तास लागतो, तेवढ्यात दोन साड्यांचे फॉल-पिको होतात. एप्रिलपासून संच ४८० रुपयांना, त्यातले १६० तिचे. आणि ४२ मापाची कटिंग कर म्हणून अकरा जणी मागे लागल्यात, ती आखायला ती रविवारी बसणार आहे. मी फोटो काढायचे, बाकी कशात बोट घालायचं नाही, असं ठरलं आहे.